वालाच्या दाण्यातले विज्ञान

डहाणूहून बोर्डीच्या दिशेने निघाले की किनाऱ्यालगतचा रस्ता नरपडमधून पुढे जातो. एका अंगाला अरबी समुद्र आणि सुरूची झाडे, दुसऱ्या अंगाला वाड्या, आणि मधूनमधून आभाळात डोके काढून उभे असलेले ताड व शिंदीचे वृक्ष. मुंबईहून शनिवार-रविवारच्या सुटीसाठी येणाऱ्या पर्यटकाला या झाडांची ओळख होते ती बहुधा ताडगोळ्यांमुळे किंवा ताडीमुळे. ताडगोळ्याचा तो काचेसारखा, बोट लावताच थरथरणारा गर म्हणजे निसर्गाने सिद्ध केलेला एक उत्तम जेल आहे. थोड्याशा बहुशर्करेच्या जाळीत भरपूर पाणी अडकून राहते आणि पाण्यालाच जणू आकार येतो. त्याच झाडाचा गोड, न आंबलेला रस म्हणजे नीरा. ही नीरा गरिबाच्या पोटाला खरोखर आधार देऊ शकते काय, हा प्रश्न श्रद्धेवर न सोडता प्रयोगशाळेत तपासून पाहणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

मराठी वाचकांना त्यांची थोरली बहीण अधिक परिचित आहे. ‘ऋतुचक्र’कार दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. एका घरातून एक विदुषी लोकसाहित्याकडे वळली, तर दुसरी जीवरसायनशास्त्राकडे. दुर्गाबाईंचे नाव घराघरांत पोहोचले. कमलाबाईंचे नाव मात्र दीर्घकाळ विज्ञानाच्या वर्तुळापुरतेच राहिले. वास्तविक त्यांनी ज्या पदार्थांवर संशोधन केले ते दूध, डाळी, वाल, नीरा हे सारे आपल्या रोजच्या पानातले आणि पेल्यातले.

बंद दरवाजा

कमला भागवत यांचा जन्म 1911 मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’मध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेले. त्यामुळे घरात रसायनशास्त्र हा परका विषय नव्हता. मुलीने शिकावे की नाही, हा प्रश्नही त्या घरात पडला नाही. मुंबई विद्यापीठातून 1933 मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या. वडील आणि काका ज्या संस्थेत शिकले तेथेच पुढील संशोधन करावे, असे त्यांनी ठरवले आणि बंगळूरला अर्ज पाठवला.

अर्ज नाकारला गेला. संस्थेच्या संचालकपदी तेव्हा सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. 1930 चे नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी भारतीय विज्ञानाला जगाच्या नकाशावर नेले होते. परंतु स्त्रिया संशोधनाला पात्र ठरतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. कमलाबाईंच्या गुणवत्तेत काही उणे होते म्हणून नव्हे, तर अर्जदार स्त्री होती म्हणून दार बंद झाले.

ज्या पिढीने गांधीजींची चळवळ डोळ्यांसमोर पाहिली होती, त्या पिढीतील ही मुलगी मुकाट्याने परतली नाही. ती बंगळूरला जाऊन थडकली आणि संचालकांच्या कार्यालयाबाहेर तिने सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींसह. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी समजल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि प्रयोगशाळेतील वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये, अशीही एक अट होती. विज्ञान संस्थेत शिरताना एखाद्या पुरुष विद्यार्थ्याला अशी हमी कधी मागितली गेली असेल, असे वाटत नाही.

हा अपमान कमलाबाईंनी गिळला, पण विसरल्या नाहीत. उतारवयात या प्रसंगाविषयी बोलताना रामन यांच्या वैज्ञानिक थोरवीविषयी आदर ठेवूनही त्यांच्या या संकुचितपणाची सल त्यांनी लपवली नाही. त्या वेळी मात्र त्यांनी उत्तर दिले ते कामातून. श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या, पण विद्यार्थ्याला मनापासून शिकवणाऱ्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन सुरू केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचा दरवाजा स्त्रियांसाठी उघडला. 1936 मध्ये कमलाबाई एम.एस्सी. झाल्या. त्यांच्यानंतर तेथे आलेल्या मुलींना दारात बसावे लागले नाही.

कढी, पिठले आणि प्रयोगशाळा

दूध आणि डाळींमधील प्रथिने वेगळी काढणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरात डोकावणे पुरेसे आहे. डाळीचा दाणा हे एक मिश्रण आहे. त्याचा सुमारे चौथा हिस्सा प्रथिनांचा आणि निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो. या कर्बोदकांत मुख्य असते पिष्ट, म्हणजे बहुशर्करा. बेसन पाण्यात कालवून चुलीवर ठेवले की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, उष्णतेने प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, त्या एकमेकींना चिकटून जाळी तयार होते आणि पातळ कालवण पाहता पाहता आळते. पिठले घट्ट होते ते या दुहेरी जाळीमुळे. दुधाला विरजण लावले की आंबटपणामुळे त्यातील केसिन या प्रथिनाचे कण परस्परांना धरून बसतात आणि दह्याची कवडी पडते, तीही जेलच.

परंतु प्रथिन आणि बहुशर्करा यांचे नेहमीच पटते असे नाही. 1896 मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने जिलेटिन आणि पिष्ट यांची द्रावणे एकत्र केली, तेव्हा ती एकजीव होण्याऐवजी वेगवेगळी राहिली. एकाचे थेंब दुसऱ्यात तरंगू लागले. काही परिस्थितींत असे विभाजन होते, तर काही परिस्थितींत दोन्ही पदार्थ परस्परांना ओढून घेऊन एकत्रच तळाशी बसतात. कोणती वाट घेतली जाईल, हे आम्लता, क्षार, तापमान आणि प्रमाण यांवर ठरते. कढी करताना ताकाला बेसन लावण्याची आपल्याकडील रीत याच तत्त्वावर उभी आहे. नुसते ताक उकळले तर प्रथिन गोळा होऊन वेगळे पडते आणि ताक फुटते. बेसनातील पिष्ट मध्ये आले की द्रव दाट होतो, प्रथिनाच्या कणांना एकमेकांना गाठणे अवघड जाते आणि कढी एकसंध राहते. अन्नप्रक्रिया उद्योगात आज आइस्क्रीमपासून सॉसपर्यंत ज्या मिश्रणांचा काटेकोर अभ्यास होतो, त्यांचा पाया हाच आहे.

स्वयंपाकघराला मिश्रण टिकवायचे असते. जीवरसायनशास्त्रज्ञाला मात्र ते मोडायचे असते. दाण्याच्या पिठातून पिष्ट बाजूला सारायचे, पाण्यात किंवा सौम्य द्रावणात उतरलेले प्रथिन गाळून घ्यायचे, मग त्यात क्षार वाढवत नेऊन एकेक प्रथिन साक्याच्या रूपात खाली बसवायचे, ही या शास्त्रातील रूढ रीत. प्रथिन शुद्ध असल्याशिवाय त्याचे गुण सांगता येत नाहीत, आणि शुद्धतेची मोठी कसोटी म्हणजे त्याचे स्फटिक मिळवणे. हे काम वेळखाऊ, हात आणि नजर यांची परीक्षा पाहणारे. कमलाबाईंनी तरुणपणी बंगळूरला ते आत्मसात केले आणि पुढे मुंबईत त्याच विद्येने आपले सर्वांत महत्त्वाचे काम उभे केले.

केंब्रिजचे चौदा महिने

1937 मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी 1929 चे नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा तेव्हा जगातील अग्रगण्य मानली जात होती. तेथे प्रथम डेरेक रिश्टर आणि नंतर वनस्पतींच्या ऊतींवर काम करणारे रॉबिन हिल यांच्यासोबत त्यांनी संशोधन केले. बटाट्यावर काम करता करता त्यांच्या लक्षात आले, की प्राणी श्वसनासाठी ज्या ‘सायटोक्रोम सी’ या प्रथिनाचा उपयोग करतात, ते वनस्पतींच्या पेशींतही आहे. श्वसनाची मूळ यंत्रणा वनस्पती आणि प्राणी यांच्यात समान आहे, या आकलनाला त्यामुळे बळकटी मिळाली.

या संशोधनावरील त्यांचा प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता आणि काम अवघ्या 14 महिन्यांत पुरे झाले होते. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. ब्रिटिश विद्यापीठातून विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या केंब्रिजने कमलाबाईंना मोकळेपणाने प्रयोगशाळा दिली, त्या केंब्रिजनेही स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व आणि पुरुषांच्या बरोबरीची पदवी दिली ती 1948 मध्ये. दारे फक्त बंगळूरलाच बंद होती, असे समजण्याचे कारण नाही.

परदेशात राहून पुढे जाणे त्यांना अशक्य नव्हते. त्या मात्र 1939 मध्येच मायदेशी परतल्या. गांधीजींच्या लढ्याकडे ओढा असलेल्या या तरुणीला आपले काम आपल्या देशातच करायचे होते. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केले. 1947 मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. सोहोनी विमागणितज्ञ होते. लवकरच मुंबईच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’मध्ये नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या प्राध्यापक झाल्या.

वाल का भिजवायचे?

मुंबईतील प्रयोगशाळेत कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले ते गरीब माणसाचे अन्न. मांस, अंडी, दूध ज्यांना परवडत नाही त्यांच्या प्रथिनांची भिस्त कडधान्यांवर. मग कडधान्यातील प्रथिन कागदावर जेवढे दिसते तेवढे अंगी लागते काय? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर अनपेक्षित होते. कच्च्या दाण्यांत काही प्रथिने अशी असतात, की ती पचनाच्याच आड येतात. आतड्यात ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते. ही रोधक प्रथिने नेमकी त्या ट्रिप्सिनलाच मिठी मारून त्याचे काम थांबवतात. कीटकांपासून बचाव करण्यासाठी झाडाने बीजात ठेवलेले हे संरक्षण माणसाच्या पोटात अडथळा ठरते.

1954 पासून कमलाबाईंच्या गटाने भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांवर शोधनिबंध प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. 1955 मध्ये के. एस. अंबे यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध ‘नेचर’ या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाल आणि डबल बी या दोन दाण्यांतून ट्रिप्सिनरोधक प्रथिने स्फटिकरूपात वेगळी केल्याचे त्यात नमूद होते. कोकणात बिरड्यासाठी आणि पालघर पट्ट्यात हिवाळ्यातील उकडहंडीसाठी जे वाल आणि जी वालपापडी लागते, त्याच वालाच्या कुळातील प्रथिन स्फटिक होऊन जगासमोर आले. पुढे त्यांच्या गटाने वालातील रक्तपेशी गोठवणाऱ्या प्रथिनांवरही काम केले.

या संशोधनाचा व्यवहारातील अर्थ आपल्या आजीला ठाऊक होता, कारण मात्र ठाऊक नव्हते. वाल भिजवावेत, मोड आणावेत, सोलावेत आणि नीट शिजवावेत, ही परंपरा निव्वळ चवीची नाही. भिजण्याने आणि मोड येण्याने दाण्याच्या रसायनात बदल होतो आणि शिजवण्याच्या ओल्या उष्णतेने ही अडथळा आणणारी प्रथिने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. परंतु सरपणाची टंचाई असलेल्या घरात कडधान्य अर्धेकच्चे शिजते, तेव्हा त्या घरातील मुलाच्या वाट्याला दाणे येऊनही प्रथिन कमी पडते. कुपोषणाचा प्रश्न केवळ किती खाल्ले याचा नसतो. खाल्लेल्यातले किती पचले, याचाही असतो. कमलाबाईंच्या संशोधनाचे मोल येथे आहे.

नीरेची परीक्षा

याच दृष्टीने त्या नीरेकडे वळल्या. नीरेचा पुरस्कार त्याआधीच होत होता. 1934 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने ताडगुळाला आपल्या कार्यक्रमात स्थान दिले. ताडगुळाच्या प्रसारासाठी झटणाऱ्या गजानन नाईक यांचे नाव डहाणू येथील खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या प्रशिक्षण केंद्राला देण्यात आले आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही नीरा आणि ताडी यांच्या स्वतंत्र व्याख्या केल्या. दोन्ही एकाच झाडाच्या, फरक फक्त आंबण्याचा. मडक्याला आतून चुना लावून रस धरला आणि उन्हे चढण्यापूर्वी उतरवला तर ती नीरा. एरवी हवेतील सूक्ष्मजीव तासाभरातच तिच्या साखरेवर ताव मारू लागतात आणि तिची ताडी होते.

नीरा पौष्टिक आहे असे म्हणणारे पुष्कळ होते. परंतु तसे सिद्ध कोणी करायचे? राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हे काम हाती घेतले. नीरेमध्ये ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे तसेच लोह असल्याचे त्यांना आढळले. रस आटवून गूळ किंवा काकवी केली तरी हे घटक टिकून राहतात, असेही दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केला असता त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. या संशोधनाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

डहाणू-तलासरीसारख्या आदिवासी पट्ट्याच्या संदर्भात हे संशोधन वाचले की त्याचा अर्थ अधिक गडद होतो. जेथे ताड आणि शिंदी दारात उभ्या आहेत, तेथेच बालकांच्या कुपोषणाच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. पोषणाचे एक स्वस्त साधन हाताशी असणे आणि ते वेळेवर, न आंबता मुलाच्या पेल्यात पोहोचणे, यांत मोठे अंतर आहे. ते अंतर प्रयोगशाळा एकटी कापू शकत नाही. तिचे काम साधनाचा कस दाखवण्याचे, आणि ते कमलाबाईंनी चोख केले.

चार वर्षांची प्रतीक्षा

एवढे कर्तृत्व असूनही बंगळूरच्या त्या दरवाजाची सावली मुंबईतही त्यांच्यावर पडली. ‘इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’चे संचालकपद ज्येष्ठतेने आणि गुणवत्तेने त्यांच्याकडे यायला हवे होते. ते मिळण्यासाठी त्यांना चार वर्षे थांबावे लागले. विरोध उघड नव्हता, पण स्त्रीने एवढी मोठी संस्था चालवावी, हे अनेकांच्या पचनी पडत नव्हते. शेवटी त्या संचालक झाल्या आणि त्यांनी संस्था समर्थपणे चालवली. परंतु ज्या वर्षांत त्या संस्थेला बरेच काही देऊ शकल्या असत्या, ती वर्षे हिशेबातून वजा झाली. अशा नुकसानीची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

त्यांचे ज्ञान प्रयोगशाळेच्या भिंतींत अडकून राहिले नाही. मुंबईला दूध पुरवणाऱ्या आरे प्रकल्पाला दुधाच्या गुणवत्तेविषयी त्यांनी सल्ला दिला. 1966 मध्ये नऊ महिलांनी मुंबईत ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही ग्राहक संघटना स्थापन केली. कमलाबाई या संघटनेत हिरिरीने काम करू लागल्या. अन्नातील भेसळ सामान्य गृहिणीला ओळखता यावी, यासाठी त्यांनी संघटनेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून लेखन केले. 1982-83 मध्ये त्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. केंब्रिजमध्ये शिकलेल्या या विदुषीला स्वयंपाकघरातील हळद-तिखट हे विषय कधी लहान वाटले नाहीत.

1998 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीत त्यांचे निधन झाले. आयुष्यभर थांबायला लावणाऱ्या व्यवस्थेचा सत्कारही असा उशिरा आला. 2023 मध्ये ‘गुगल’ने डूडलद्वारे त्यांचे स्मरण केले, तेव्हा दुर्गाबाईंच्या भगिनी एवढीच ओळख असणाऱ्या अनेक मराठी वाचकांनी त्यांच्याविषयी नव्याने वाचले.

कमलाबाईंच्या जीवनकथेत रामन यांच्या दारातील सत्याग्रह पुन्हा पुन्हा सांगितला जातो आणि तो सांगितलाही पाहिजे. परंतु त्या एका प्रसंगापाशी थांबणे म्हणजे त्यांच्यावर आणखी एक अन्याय करणे होय. प्रवेशासाठी त्या झगडल्या, कारण आत जाऊन त्यांना काही करायचे होते. ते केले त्या वालाच्या दाण्यात, दुधाच्या पेल्यात आणि नीरेच्या मडक्यात. गरिबाच्या ताटातील प्रथिन मिश्रणातून वेगळे काढून, पारखून त्यांनी आपल्या हाती दिले. ते त्या ताटात पुरेसे आणि पचेल असे पडते आहे की नाही, याची जबाबदारी आता आपली आहे.